पहिलाच ट्रॅक डे, गाडी १९७२ ची एमजीबी जीटी: गुडवुडला जाण्यापूर्वी काय पाहावे?

साउथॅम्प्टनकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी जीटी, म्हणजे बंद टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. क्रोमचे बंपर, १७९८ सीसीचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, तारांची चाके आणि ओव्हरड्राइव्ह (बटणाने लागणारा जोडगिअर). ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती, जवळजवळ तशीच ती आजही आहे. आतापर्यंत तिचे काम म्हणजे रविवारी न्यू फॉरेस्टमधून एक चक्कर आणि उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचे मेळावे. आता आमच्या ओळखीतल्या एमजीवाल्यांनी गुडवुडच्या शर्यतीच्या सर्किटवरील एका ट्रॅक डेला, म्हणजे शर्यत न लावता आपली गाडी सर्किटवर चालवण्याच्या दिवसाला, नावे नोंदवली आहेत आणि नवशिक्यांच्या गटात माझेही नाव घातले आहे. सर्किटवर मी आजवर केवळ प्रेक्षक म्हणूनच गेलो आहे.

माझ्या मनात काही शंका आहेत. पहिली म्हणजे, गाडी चाळीस वर्षांहून जुनी असल्यामुळे तिला येथे दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट आहे, आणि त्या सुटीचा लाभ आधीच्या मालकाने मनापासून घेतलेला दिसतो. त्यामुळे नेमके काय तपासून घ्यावे, हे मला सुचत नाही. दुसरी, मित्र म्हणतात की एवढा खर्च करतोच आहेस तर मोठा कार्ब्युरेटर आणि मोकळा सायलेन्सर बसव, नाहीतर सरळ रस्त्यावर सगळे तुला मागे टाकतील. पैसे मर्यादित आहेत, तेव्हा ते आधी कुठे घालावेत? आणि तिसरी, गुडवुड हे पहिल्या अनुभवासाठी योग्य सर्किट आहे का? सौभाग्यवतींनी परवानगी देताना एकच अट घातली आहे, की गाडी स्वतःच्या चाकांवर गेली तशी स्वतःच्या चाकांवरच परत आली पाहिजे.

अनघा_कॉव्हेंट्री

साउथॅम्प्टनकर, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. ताकद वाढवण्यावर एक पौंडही खर्च करू नका. मी ब्रेकच्या क्षेत्रात नोकरी करते, त्यामुळे माझे मत एकांगी वाटेल, पण हिशेब मांडून पाहा. गाडी, आपण आणि टाकीतले पेट्रोल मिळून ११५० किलो धरू. गुडवुडच्या लांब सरळ रस्त्याच्या, लॅव्हंट स्ट्रेटच्या शेवटी गाडी ताशी ९० मैलांवर असेल आणि वुडकोटच्या वळणासाठी तिला ५० पर्यंत उतरवायचे असेल, तर ब्रेकना काही सेकंदांत सुमारे ६४० किलोज्यूल उष्णता गिळावी लागते. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ दोन लिटर पाण्याला उकळी येते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो, आणि आलाच तर पुढे डिस्क निवायला भरपूर वेळ मिळतो. सर्किटवर मात्र तोच प्रसंग दर फेरीला येतो, वर मॅजविक, सेंट मेरीज, लॅव्हंट कॉर्नर ही वळणे आणि शिकेन (वेग कमी करायला लावणारे नागमोडी वळण) यांचे ब्रेकिंग वेगळेच. एमजीबीच्या पुढच्या डिस्क भरीव आहेत. आजच्या गाड्यांप्रमाणे त्यांच्या पोटातून हवा खेळत नाही, म्हणून त्या तापतात पटकन आणि निवतात सावकाश.

आता त्याच ठिकाणी आपण ९० ऐवजी ८० वर असताना ब्रेकवर पाय ठेवलात, तर हा आकडा ४५० च्या आसपास येतो. वेग नवव्या हिश्शाने उतरला, पण उष्णता तीस टक्क्यांनी घटली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सरळ रस्त्याच्या शेवटी ॲक्सिलरेटर थोडा आधी सोडणे हा ब्रेक वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि ताकद वाढवणे म्हणजे नेमके याच्या उलट करणे होय. मित्रांना हे गणित जरूर दाखवा.

तपासणीत सर्वांत आधी ब्रेक ऑइल बदला, मग ते डब्यात कितीही स्वच्छ दिसत असो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. नवे डॉट ४ प्रतीचे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि भरीव डिस्क असलेल्या गाडीत कॅलिपरजवळ (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाजवळ) तेवढे तापमान येणे मुळीच अवघड नाही. मुळातच आधीच्या मालकाने सिलिकॉनचे, म्हणजे डॉट ५ चे ऑइल भरले आहे का, हे पाहा. रंग खराब करत नाही म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन ते आवडीने भरतात. मेळाव्याच्या गाडीला ते चालते, पण त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकून राहतात आणि गरम झाले की पेडल लिबलिबीत होते. ते काढायचे ठरवलेत, तर सगळ्या नळ्या धुऊन आणि रबरी सील बदलूनच डॉट ४ भरा. दोन्हींची सरमिसळ करू नका.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. इंग्लंडच्या बाजारासाठी बनलेल्या त्या काळातल्या बहुतेक एमजीबींमध्ये ब्रेकचे सर्किट एकेरी असते. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना दुहेरी सर्किट बरेच आधी मिळाले. एकेरी सर्किटचा अर्थ असा, की तीन लवचीक नळ्यांपैकी, म्हणजे पुढच्या दोन आणि मागच्या एक्सेलकडे जाणारी एक, यांपैकी कोणतीही एक फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. या नळ्या वाकवून पाहा, रबराला बारीकशी भेग दिसली तरी तिन्ही बदला.

पॅड थोडे वरच्या दर्जाचे, रस्ता आणि अधूनमधून सर्किट अशा दुहेरी उपयोगाचे घ्या. शर्यतीचे पॅड घेऊ नका, कारण ते थंड असताना नीट पकडतच नाहीत आणि घरी परततानाच्या पहिल्या सिग्नलला आपली गाळण उडेल. आणि दोन लक्षणांतला फरक आताच पाठ करून ठेवा. पेडल कडक लागते पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापले आहेत. पेडल खाली बसत जाते, तर ऑइल उकळले आहे. पहिल्या लक्षणाला एक सावकाश फेरी पुरते. दुसऱ्या लक्षणाला पुन्हापुन्हा पेडल मारत, गिअर उतरवत, कडेने पिट (गाड्या थांबण्याची जागा) गाठणे आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर न पडणे एवढेच करता येते.

बेडफर्डचा_वाटसरू

अनघाताईंचे ब्रेकविषयीचे सगळे मान्य आहे. तिसऱ्या प्रश्नावर मात्र माझे मत विरोधी पडेल, त्याबद्दल क्षमस्व.

गुडवुड हे देखणे सर्किट आहे आणि एमजीबीसारख्या गाडीला तिथे घरी आल्यासारखे वाटावे, यात नवल नाही. वेस्टहॅम्पनेटच्या युद्धकालीन विमानतळाचा कडेचा रस्ता वापरून ते १९४८ मध्ये सुरू झाले, १९६६ मध्ये तिथल्या शर्यती बंद पडल्या आणि १९९८ मध्ये पुन्हा सुरू करताना मूळ रूप शक्य तितके तसेच जपले गेले. अडचण याच जपणुकीत आहे. पावणेचार किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या त्या फेरीत हळू वळणे फार थोडी आहेत, आणि डांबर संपले की गवत व पुढे मातीचा बांध, अशीच बऱ्याच ठिकाणी रचना आहे. ओल्या गवतावर गाडी थांबत नाही, उलट ती वेग घेतल्यासारखी वाटते. प्रसिद्ध ब्रिटिश शर्यतपटू स्टर्लिंग मॉसची कारकीर्द १९६२ च्या ईस्टर सोमवारी सेंट मेरीजलाच झालेल्या अपघाताने संपली. तो शर्यतीच्या वेगात होता आणि तुम्ही नसाल हे उघड आहे, पण बांध तिथेच आहेत.

पहिल्या दिवसासाठी मी नेहमी बेडफर्ड ऑटोड्रोम सुचवतो. माजी फॉर्म्युला वन चालक जोनाथन पामर यांनी थर्लीच्या जुन्या विमानतळावर ते उभारले. तिथे चुकले तर भोवती इतकी मोकळी जागा आहे, की गाडी गोल फिरूनही बहुधा कशालाच लागत नाही. तिथली आवाजाची मर्यादा मात्र अतिशय कडक आहे, त्यामुळे मोकळ्या सायलेन्सरचा विचार तिथे गेटवरच निकालात निघेल. तसा तो गुडवुडलाही निघू शकतो. स्थिर चाचणीत सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, तिरक्या कोनात मीटर धरतात आणि इंजिन कमाल शक्तीच्या सुमारे तीन-चतुर्थांश फेऱ्यांवर ठेवायला सांगतात. तुमच्या गाडीसाठी म्हणजे ४००० च्या आसपास. सर्किटगणिक आणि दिवसागणिक मर्यादा वेगळी असते, म्हणून नोंदणीच्या कागदावरचा आकडा आधी वाचावा.

जाणारच असाल, तर निदान हे करा. पहिल्या सत्रात प्रशिक्षक शेजारी बसवा. त्याची फी मोठ्या कार्ब्युरेटरपेक्षा कितीतरी कमी आहे आणि उपयोग कितीतरी जास्त. तुमच्या नेहमीच्या विम्यात सर्किट बसत नाही असे गृहीत धरा आणि त्या दिवसापुरते वेगळे संरक्षण घ्या. सर्किटच्या आवारातून गाडी उचलून नेण्यास अनेक ब्रेकडाउन सेवा नकार देतात, त्याचीही चौकशी करा. सौभाग्यवतींची अट याच कलमावर मोडण्याचा संभव आहे. तुमच्याकडे जीटी आहे म्हणून एक कटकट वाचली. उघड्या टपाच्या गाडीला बहुतेक आयोजक मजबूत रोल बार (गाडी उलटल्यास डोके वाचवणारी कमान) मागतात.

कोल्हापुरी_पान्हे

मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो. आमच्याकडे जुन्या एमजी संख्येने थोड्या येतात, पण ज्या येतात त्या शेवटच्या नटापर्यंत उघडल्या जातात, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो. सर्किटविषयी मी काही सांगणार नाही, फक्त गाडीखाली जाऊन पाहायच्या गोष्टी सांगतो.

तारांच्या चाकांपासून सुरुवात करा. चाक उचलून लहान पान्ह्याने प्रत्येक तारेवर हलके टिचकी मारा. ताणलेली तार खणखणीत वाजते, ढिली तार बद्द आवाज देते. एका चाकात अशा बऱ्याच तारा सापडल्या, तर ते चाक सर्किटवर नेऊ नये. मग मधले मोठे नट काढून आतल्या खाचा पाहा. त्यांची टोके ब्लेडसारखी धारदार झाली असतील, तर चाक आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) दोन्ही झिजले आहेत. ही झीज कानालाही कळते: गाडी सावकाश पुढे घ्या, थांबवा, मागे घ्या, दिशा बदलताना चाकातून टक्क असा आवाज आला, की समजावे. खाचांना ग्रीस लावूनच चाक परत चढवा, नट तांब्याच्या हातोड्याने बसवा, आणि सर्किटवरच्या पहिल्या सत्रानंतर पुन्हा ठोकून पाहा.

दुसरी गोष्ट शॉकॲबसॉर्बर. या गाडीत ते दांड्याचे, म्हणजे लिव्हर आर्म पद्धतीचे असतात, आणि पुढच्या बाजूला तर त्यांचाच हात वरच्या सस्पेन्शन आर्मचे काम करतो. त्यामुळे त्यातले तेल गळून गेले तर गाडी नुसती उसळत नाही, तिथल्या बुशांत ढिलाई आली की चाकाचा कोनही हलू लागतो. तेलाची पातळी पाहा, बुश पाहा, आणि किंगपिनला (पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या खिळीला) ग्रीस गन लावा. हे ग्रीसिंग वारंवार करायचे असते आणि एमओटीच्या सुटीनंतर सर्वांत आधी तेच विसरले जाते, असे आमच्या इंग्लंडच्या गिऱ्हाइकांकडून कळते.

इंजिनाच्या बाबतीत ऑइल वरच्या खुणेपर्यंतच असावे, खालच्या खुणेजवळ मुळीच नको. लांबलचक वळणात चेंबरमधले ऑइल एका बाजूला सरकते आणि पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडते. टाकीत पेट्रोलही अर्ध्याहून वर ठेवा, तेही तसेच सरकते. रेडिएटरच्या जाळ्या आतून चोंदल्या असतील, तर रस्त्यावर काटा नेहमीच्या जागी राहतो आणि सर्किटवर मात्र चढत जातो. म्हणून एखाद्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये थोडा वेळ गाडी ओढून पाहावी. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. जुन्या गाडीच्या टायरची नक्षी शिल्लक असते, पण रबराचा जीव गेलेला असतो.

हातब्रेकविषयी एकच सांगतो: सत्र संपवून आल्यावर तो ओढू नका. तापलेला ड्रम त्याच जागी दाबून धरला तर त्याचा गोल बिघडतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

साउथॅम्प्टनकर

मंडळी, आपणा सर्वांचे आभार. दिवस पार पडला, गाडी व मी दोघेही धड आहोत, आणि आता अनुभवाबरोबर एक नवा प्रश्न घेऊन आलो आहे.

जाण्यापूर्वी ब्रेक ऑइल, तिन्ही नळ्या आणि पुढचे पॅड बदलले. ऑइल साधेच निघाले, सिलिकॉनचे नव्हते, पण बाहेर आले तेव्हा चहाच्या रंगाचे होते. डाव्या मागच्या चाकात ढिल्या तारा सापडल्या, म्हणून ते चाक बांधून घेतले. टायरही बदलले. कार्ब्युरेटर आहेत तेच ठेवले.

सकाळी परवाना दाखवून सही केल्यावर आवाजाची चाचणी झाली आणि ती सहज पार पडली. नंतरच्या सूचनांच्या बैठकीत झेंड्यांचे अर्थ, ओव्हरटेक कुठे आणि कोणत्या बाजूने करायचे, आणि मागून येणाऱ्याला वाट कशी द्यायची, हे सांगितले. वेळ मोजण्याला सक्त मनाई होती. पहिल्या फेऱ्या पुढच्या गाडीमागून रांगेने, ओव्हरटेक न करता झाल्या, आणि मला त्यांचाच फार उपयोग झाला, कारण प्रेक्षकांच्या बाजूने सपाट दिसणारे सर्किट गाडीतून किती चढउताराचे आहे, हे तेव्हा प्रथम कळले. फोर्डवॉटरच्या वेगवान उजव्या वळणापाठोपाठ सेंट मेरीज येते, आणि तिथे रस्ता डावीकडे वळताना खाली उतरतो. गाडीचे वजन नेमके नको त्या वेळी हलके होते.

प्रशिक्षक शेजारी बसले होते. त्यांनी वेगाबद्दल अर्धा तास एक अक्षरही काढले नाही, फक्त "नजर कुठे आहे?" एवढेच विचारत राहिले. मी वळणाच्या सुरुवातीकडे पाहत होतो आणि त्यांना मी वळणाच्या शेवटाकडे पाहायला हवा होतो. मॅजविक हे दोन टप्प्यांचे उजवे वळण आहे. तिथे पहिल्या टप्प्यालाच आतल्या कडेला चिकटण्याचा मोह आवरून गाडी जरा बाहेर ठेवली, की दुसऱ्या टप्प्यानंतर ॲक्सिलरेटर दाबायला सबंध रस्ता मोकळा मिळतो. हे जमले तेव्हा स्टिअरिंग एकदाच वळवावे लागले, आणि न जमले तेव्हा वळणभर त्याच्याशी झटापट करावी लागली. कमी ताकदीच्या गाडीत मिळवलेला वेग टिकवणे म्हणजे काय, हे मला तिथे समजले. एकदा वेग गमावला, की सेंट मेरीजपर्यंत तो परत मिळत नाही.

ओव्हरड्राइव्हचा एक उपयोग मला ठाऊक नव्हता. तिसरा गिअर संपतो आणि चौथा लांब वाटतो, अशा जागी तिसऱ्यातच ओव्हरड्राइव्हचे बटण दाबले की मधला गिअर मिळतो, क्लच दाबावा लागत नाही. लॅव्हंट कॉर्नरमधून बाहेर पडताना आतले मागचे चाक हलकेच फिरते, तेव्हा तर हा मधला गिअर फारच सोयीचा पडला.

लॅव्हंट स्ट्रेटवर आधुनिक हॅचबॅक गाड्या शेजारून सुरळीत निघून जात होत्या. डावीकडे सरकून, पाय थोडा उचलून त्यांना वाट दिली, की पुढच्या वळणापर्यंत आरशात कोणी नसे. मित्रांचे भाकीत अक्षरशः खरे ठरले आणि त्याचे काडीइतकेही वाईट वाटले नाही.

कोणी तरी सुचवल्यावरून टायरच्या खांद्यावर खडूने रेघा ओढल्या होत्या. पहिल्या सत्रानंतर पुढच्या टायरवरच्या रेघा बाजूच्या अक्षरांपर्यंत पुसल्या गेल्या होत्या, म्हणजे टायर अंगावर लोळत होता. हँडबुकातली पुढची हवा वीसेक पौंडांचीच आहे, ती थोडी वाढवली, तेव्हा रेघा खांद्यावर थांबल्या आणि स्टिअरिंगही नेमके झाले. ऑइल प्रेशरचा काटा मॅजविकच्या दुसऱ्या टप्प्यात किंचित झुकत असे व सरळ रस्त्यावर पुन्हा जागेवर येत असे. पातळी वरच्या खुणेला होती, तरीही झुकत असे, म्हणून तिथे इंजिनाच्या फेऱ्या मी मुद्दाम कमी ठेवल्या. पाण्याचे तापमान दुपारी थोडे चढले, चिंता वाटावी इतके नाही. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेकला पाय न लावता काढली.

बेडफर्डच्या वाटसरूंना सांगतो, बांध पाहिले. सुक्या दिवशी आणि प्रशिक्षकाच्या शेजारी ते दूर वाटले, पण पाऊस असता तर मी तुमच्या बाजूने मत दिले असते.

आता प्रश्न. दुपारनंतर सेंट मेरीजला ब्रेकवर पाय ठेवला, की पहिल्या दाबात पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाई आणि लगेच दुसरा दाब दिला की अगदी वर, घट्ट. वुडकोटला, म्हणजे लांब सरळ रस्त्यानंतर, असे होत नसे. म्हणून शेवटचे सत्र मी सोडून दिले. ऑइल नवे असताना ते उकळले असेल का?

अनघा_कॉव्हेंट्री

उकळले नसावे. ऑइल उकळले असते तर सर्वांत अधिक उष्णता जिथे पडते त्या वुडकोटलाही पेडल खाली गेले असते, आणि दुसऱ्या दाबाला असे घट्ट वर आले नसते. आपण दोन ठिकाणांतला फरक नोंदवलात, त्यामुळे निदान सोपे झाले आहे. फोर्डवॉटरच्या वेगवान वळणात पुढच्या चाकांवर आडवा जोर पडतो. हबच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असली, की डिस्क तिरकी होऊन पॅड कॅलिपरमध्ये मागे ढकलते. लगेच पुढे सेंट मेरीजला ब्रेक दाबल्यावर पहिला दाब ते अंतर भरून काढण्यात खर्च होतो आणि दुसऱ्या दाबाला ब्रेक लागतात. लांब सरळ रस्त्यावर डिस्क पॅडना नव्याने मागे ढकलत नाही, म्हणून वुडकोटला हा त्रास जाणवला नसावा. बेअरिंग गरम होऊन ग्रीस पातळ झाल्यावर ढिलाई अधिक जाणवते, म्हणून दुपारनंतर.

मागच्या ड्रमचा थोडा वाटा असू शकतो, कारण तापलेला ड्रम फुगतो आणि लायनर दूर पडतात. पण ती वाढ सगळीकडे सारखी जाणवली असती. मागच्या बाजूचा चौकोनी ॲडजस्टर गाडी थंड असताना, चाक किंचित घासेपर्यंत घट्ट करून मग थोडासा सैल करा, म्हणजे ती शंकाही राहणार नाही. शेवटचे सत्र सोडले हे उत्तम केले.

कोल्हापुरी_पान्हे

ताईंचे निदान मला पटते. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढिलाई हाताला लागेल. मग कोणाला तरी ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलाई गेली तर ती बेअरिंगची आहे, उरली तर किंगपिनची.

बेअरिंगची निघाली, तर हब उघडताना एक सांभाळा. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन्ही बेअरिंगच्या मधे एक नळीसारखा स्पेसर असतो आणि त्याच्या टोकाला शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात. काही फिटर तो स्पेसर अडचणीचा म्हणून काढून टाकतात आणि नट अंदाजाने आवळतात, जसे इतर गाड्यांत करतात. तसे करू नये. त्या स्पेसरमुळे नट पूर्ण घट्ट आवळता येतो आणि स्टब एक्सेलला (हब ज्यावर फिरतो त्या आखूड दांड्याला) बळकटी येते. शिम कमीजास्त करून हबची मोकळीक दोन ते चार हजारांश इंचात आणायची असते, आणि ती डायल गेजने मोजायची, हाताने नव्हे. आपल्या गाडीत स्पेसर आहे की नाही, हे हब उघडल्यावर इथे कळवा. नसेल तर नट आवळण्याच्या आधी स्टब एक्सेलच्या मुळाशी भेग आहे का, ते भेग दाखवणारा रंग टाकून तपासून घ्या.

साउथॅम्प्टनकर

उजवीकडचा हब उघडला. ढिलाई बेअरिंगचीच निघाली आणि स्पेसर जागेवर आहे, फक्त शिम एकही नाही. डावीकडचा शनिवारी उघडतो. स्टब एक्सेलची तपासणी दोन्ही बाजूंना करून घेणार आहे, आणि तोवर गाडी ठोकळ्यांवरच राहील.